विश्लेषण : ‘हॉरर’ आणि ‘हर्ष’ सख्खे भाऊ? अंगावर काटा आणणाऱ्या ‘हॉरिपिलेट’ या क्रियापदाची गोष्ट

२९ जून २०२४ ची रात्र. बार्बाडोसमध्ये टी-ट्वेन्टी विश्वचषकाचा अंतिम सामना, शेवटचे षटक आणि दक्षिण आफ्रिकेला हव्या होत्या १६ धावा. हार्दिक पंड्याच्या पहिल्याच चेंडूवर डेव्हिड मिलरने उंच फटका मारला. चेंडू षटकार म्हणून जातोय असे वाटत असतानाच सूर्यकुमार यादवने तो आत उडवला, स्वतः सीमारेषेबाहेर जाऊन परत आला आणि झेल पूर्ण केला. भारत ७ धावांनी जिंकला. आजही त्या झेलाची रील समोर आली की खाली ‘गूजबम्प्स’, ‘अंगावर काटा आला’ अशा प्रतिक्रियांची रांग लागलेली दिसते. मराठी वृत्तपत्रांच्या क्रीडा पानावर अशा लढतीसाठी एक विशेषण तर कायम तयार असते : ‘रोमहर्षक’.

रोज वाचून गुळगुळीत झालेल्या या शब्दाची फोड केली तर रोम म्हणजे अंगावरचे केस आणि हर्ष म्हणजे... आनंद? केसांना आनंद कसा होईल? या प्रश्नाचे उत्तर शोधायला गेले की वाट एका विचित्र इंग्रजी क्रियापदापाशी येते. ते क्रियापद म्हणजे ‘हॉरिपिलेट’.

‘हॉरिपिलेट’चा अर्थ काय? ते वापरतात कसे?

उच्चार हॉ-रि-पि-लेट, आणि जोर ‘रि’वर. अर्थ अगदी सरळ : अंगावरचे केस उभे राहणे किंवा उभे करणे. हे क्रियापद दोन्ही प्रकारे चालते. थंड वाऱ्याची झुळूक आली आणि माणूस ‘हॉरिपिलेट’ झाला, म्हणजे त्याच्या अंगावर काटा आला. एखाद्या गोष्टीने ऐकणाऱ्याला ‘हॉरिपिलेट’ केले, म्हणजे तिने काटा आणला. नाम होते ‘हॉरिपिलेशन’ आणि क्रियापदापेक्षा तेच जास्त वापरात आहे.

‘जास्त’ म्हणजे तरी किती? रोजच्या बोलण्यात इंग्रज माणूस हा शब्द वापरत नाही. तो ‘गूजबम्प्स’ किंवा ‘गूजफ्लेश’ म्हणतो. कुत्र्याच्या मानेवरचे केस ताठ झाले तर ‘ब्रिसल’ म्हणतो. ‘हॉरिपिलेट’ भेटते ते जुन्या वैद्यकीय पुस्तकांत, मुद्दाम भारदस्त शब्द वापरून गंमत करणाऱ्या लेखकांच्या लिखाणात आणि संस्कृत ग्रंथांच्या इंग्रजी भाषांतरांत. यातली तिसरी जागा आपल्या कामाची आहे. तिच्याकडे पुढे वळू.

वापरताना दोन चुका होऊ शकतात. पहिली, ‘हॉरिफाय’ आणि ‘हॉरिपिलेट’ यांची गल्लत. ‘हॉरिफाय’ मनाबद्दल बोलते : माणूस हादरला, भयचकित झाला. ‘हॉरिपिलेट’ फक्त कातडीबद्दल बोलते. बातमी वाचून माणूस ‘हॉरिफाय’ होईल, पण हातावरचा एक केसही हलणार नाही, असे होऊ शकते. एसी १८ वर ठेवलेल्या खोलीत कोणतीही भीती नसताना तो ‘हॉरिपिलेट’ होईल, असेही होऊ शकते. दुसरी चूक म्हणजे, शब्दाची सुरुवात ‘हॉरि’ने होते म्हणून त्याचा संबंध फक्त भीतीशी लावणे. थंडी, भीती, आनंद, आश्चर्य, कारण काहीही असो, केस उभे राहिले की हे क्रियापद लागू पडते.

लॅटिनमधला केस आणि गाढवाचे कान

शब्द लॅटिनमधून आला. ‘हॉरेरे’ म्हणजे ताठ उभे राहणे, काटेरी होणे, थरथरणे. आणि ‘पिलस’ म्हणजे केस. हा ‘पिलस’ आपल्याला अगदीच अनोळखी नाही. केस काढण्याच्या क्रीमला ‘डेपिलेटरी’ म्हणतात ते त्याच्यामुळे. सुरवंटाला इंग्रजीत ‘कॅटरपिलर’ म्हणतात, त्याचे मूळ ‘केसाळ मांजर’ अशा अर्थाच्या जुन्या फ्रेंच शब्दात मानले जाते. शशी थरूर यांनी २०१८ मध्ये आपल्या पुस्तकाची घोषणा करताना ‘फ्लॉक्सिनॉसिनिहिलिपिलिफिकेशन’ हा शब्द वापरला आणि देशभर लोक तो म्हणून पाहू लागले. एखादी गोष्ट कवडीमोल ठरवणे असा त्याचा अर्थ. त्यात मधोमध बसलेला ‘पिलि’ म्हणजे हाच केस. लॅटिनमध्ये ‘केसाइतकी किंमत’ म्हणजे शून्य किंमत.

‘हॉरिपिलेट’चा एक जुना आणि मजेशीर वापर दुसऱ्या शतकातल्या अपुलियस या रोमन लेखकाच्या कादंबरीत आहे. तिचा नायक लुसियस जादूच्या नादी लागतो, चुकीचे मलम अंगाला चोळतो आणि पक्षी होण्याऐवजी गाढव होतो. हे रूपांतर चालू असताना त्याचे कान वाढतात आणि केसांनी ताठरतात, तिथे लेखकाने हे क्रियापद वापरले आहे. बायबलच्या जुन्या लॅटिन भाषांतरातही याचे नाम सापडते : सतत शपथा घेणाऱ्याचे बोलणे ऐकून डोक्यावरचे केस उभे राहतात, अशा अर्थाने. इंग्रजीत हा शब्द सतराव्या शतकात आला. अवघड लॅटिन शब्द इंग्रजीत आणायची तेव्हा विद्वानांमध्ये चढाओढ होती. त्यातले कित्येक शब्द मेले, हा कसाबसा जगला.

‘हॉरेरे’चा वंश मात्र भरभराटीला आला. ‘हॉरर’, ‘हॉरिबल’, ‘हॉरिड’ ही सगळी त्याचीच मुले. ‘अॅब्हॉर’ म्हणजे तिटकारा करणे. मूळ अर्थ, अंगावर काटा येऊन मागे सरणे. जुन्या इंग्रजी वैद्यकात तर ‘हॉरर’ हे तापापूर्वी येणाऱ्या थरथरीचे नाव होते. म्हणजे आज भुतांच्या सिनेमाला लावला जाणारा हा शब्द एके काळी रुग्णाच्या कातडीचे वर्णन करत होता. पुढे कातडी बाजूला पडली आणि भीती तेवढी उरली.

मग ‘हर्ष’ यात कुठून आला?

संस्कृत, लॅटिन, ग्रीक, इंग्रजी या भाषा एका आदिम भाषेतून फुटल्या, हे शाळेतल्या पुस्तकात कुठेतरी येऊन गेलेले असते. त्या आदिम भाषेत ‘ताठ उभे राहणे, काटेरी होणे’ अशा अर्थाचा एक धातू होता, असे भाषाशास्त्रज्ञ मानतात. तो लॅटिनमध्ये ‘हॉरेरे’ झाला आणि संस्कृतमध्ये ‘हृष्’. लॅटिनला ‘र्स’ हा जोड टिकवता आला नाही. तिथे ‘र्स’चा ‘र्र’ झाला. संस्कृतने तो ‘र्ष’ म्हणून जपला. ‘हर्ष’ आणि ‘हॉरर’ मोठ्याने, एकापाठोपाठ म्हणून पाहिले तर हे नाते कानालाही ऐकू येते.

म्हणजे वर्गातले हर्ष, हर्षल, हर्षदा आणि नेटफ्लिक्सवरचा ‘हॉरर’ विभाग हे मुळात एकाच घरचे. एका भावाने केस उभे राहण्यातला आनंद घेतला, दुसऱ्याने भीती. आणि ‘रोमहर्ष’ या शब्दाचा ‘केसांचा आनंद’ असा अर्थ लावायची गरजच उरत नाही. त्यात ‘हर्ष’ आपल्या मूळ अर्थाने आला आहे, केसांचे उभे राहणे. ‘हॉरि’ म्हणजे उभे राहणे आणि ‘पिल’ म्हणजे केस. ‘हर्ष’ म्हणजे उभे राहणे आणि ‘रोम’ म्हणजे केस. ‘रोमहर्ष’ आणि ‘हॉरिपिलेशन’ हे दोन शब्द दोन भाषांनी स्वतंत्रपणे घडवले, पण अर्धा कच्चा माल एकाच खाणीतला निघाला.

पाणिनीच्या काळी हा मूळ अर्थ पुरता जिवंत होता, याचा पुरावा खुद्द ‘अष्टाध्यायी’त आहे. सातव्या अध्यायाच्या दुसऱ्या पादात ‘हृष्’ धातूसाठी एक खास सूत्र आहे. केसांबद्दल बोलायचे असेल, तर या धातूची ‘हृष्ट’ आणि ‘हृषित’ अशी दोन्ही रूपे चालतील, असा त्याचा आशय. सूत्रातले एकेक अक्षर वाचवणाऱ्या व्याकरणकाराने उभ्या राहणाऱ्या केसांसाठी एक अख्खे सूत्र खर्च केले आहे. श्रीकृष्णाच्या ‘हृषीकेश’ या नावाचा अर्थ परंपरेने ‘इंद्रियांचा स्वामी’ असा होतो. पण त्याची फोड ‘हृषी’ आणि ‘केश’ अशी करून ‘ताठ, उभारलेल्या केसांचा’ असा अर्थ सुचवणारे अभ्यासकही आहेत.

या कुटुंबात आणखीही नातेवाईक आहेत. जवाचे लॅटिन नाव ‘हॉर्डेउम’. जवाच्या ओंबीवरची ताठ कुसळे पाहिली की हे नाव या धातूशी का जोडले जाते ते कळते. रस्त्यावरच्या उनाड पोराला इंग्रजीत ‘अर्चिन’ म्हणतात. त्या शब्दाचा जुना अर्थ अंगभर काटे असलेला ‘हेजहॉग’ हा छोटा प्राणी. समुद्रातल्या काटेरी गोळ्याला ‘सी अर्चिन’ म्हणतात ते त्यामुळेच.

अर्जुनाच्या अंगावर काटा कितीदा आला?

भीती की आनंद, हा गोंधळ संस्कृतने कधी पूर्णपणे सोडवला नाही, आणि ते बरेच झाले. भगवद्गीता त्याचे उत्तम उदाहरण आहे. पहिल्या अध्यायात समोर आप्तस्वकीय पाहून अर्जुनाचे अंग कापते, तोंडाला कोरड पडते आणि त्याच्या अंगावर रोमहर्ष उठतो. ही भीती आहे, विषाद आहे. अकराव्या अध्यायात विश्वरूप पाहिल्यावर त्याचे रोम पुन्हा उभे राहतात, ते विस्मयाने. अठराव्या अध्यायाच्या शेवटी संजय म्हणतो की हा संवाद अद्भुत आणि रोमहर्षण आहे. तिथे तर सरळ आनंदच आहे. आणि अकराव्या अध्यायातच एक जागा अशी आहे, जिथे अर्जुन एकाच श्लोकात सांगतो की आपण हृषित झालो आहोत आणि भयाने आपले मन व्याकूळही झाले आहे. ‘हर्ष’ आणि ‘हॉरर’ एकाच माणसाच्या अंगावर, एकाच क्षणी.

महाभारताची कथा नैमिषारण्यातल्या ऋषींना सांगणारा उग्रश्रवा सूत हा लोमहर्षणाचा मुलगा. लोमहर्षण हे नाव त्याच्या बापाला पडले, कारण त्याचे निरूपण ऐकताना श्रोत्यांच्या अंगावर काटा येत असे, असे पुराणांत सांगितले आहे. आजच्या भाषेत, ज्याच्या व्हिडिओखाली सगळे ‘गूजबम्प्स’ लिहितात असा निवेदक.

नाट्यशास्त्राने तर याला नियमात बसवले. स्तंभ, स्वेद, रोमांच, स्वरभंग, वेपथू, वैवर्ण्य, अश्रू आणि प्रलय हे आठ सात्त्विक भाव. नटाला हातवारे ठरवून करता येतात. पण घाम, काटा, डोळ्यांतले पाणी यासाठी मन खरोखर त्या अवस्थेत जावे लागते, म्हणून हे भाव वेगळे काढले. पुढे ‘साहित्यदर्पण’कार विश्वनाथाने रोमांचाची कारणे सांगताना हर्ष, अद्भुत आणि भय अशी तिन्ही एका दमात सांगितली. हीच कल्पना भक्तिपरंपरेतून मराठीत आली. ज्ञानेश्वरीच्या नवव्या अध्यायाच्या अखेरीस संजयाच्या अंगावर नखशिखांत रोमांच आले, त्याचे वर्णन ज्ञानेश्वरांनी अंगभर चढवलेल्या कंचुकासारखे, म्हणजे अंगरख्यासारखे केले आहे. या आठ सात्त्विक भावांची इंग्रजी यादी पाहिली तर रोमांचापुढे अनेकदा ‘हॉरिपिलेशन’ लिहिलेले आढळते. इंग्रजांनी जवळजवळ टाकून दिलेला हा शब्द टिकून राहण्यात संस्कृतच्या भाषांतरांचा मोठा हातभार आहे.

शरीरात नेमके काय होते?

माणसाच्या अंगावर केसांची सुमारे ५० लाख मुळे असतात. बहुतेक केसांच्या मुळाशी एक बारीक स्नायू तिरका जोडलेला असतो. तो आकसला की झोपलेला केस उभा होतो आणि केसाभोवतालची कातडी फुगीर होऊन दाणा उठतो. हा स्नायू हातापायांच्या स्नायूंसारखा आपल्या हुकमतीत नसतो. आतड्यांमधल्या स्नायूंसारखा तो आपोआप चालतो आणि त्याची सूत्रे असतात सिम्पथेटिक मज्जासंस्थेकडे. छाती धडधडणे, बाहुल्या विस्फारणे, तळव्यांना घाम येणे ही कामेही तिचीच. म्हणून भीती वाटली की हे सगळे एकदम सुरू होते.

अंगभर दाट केस असलेल्या प्राण्यांना याचा दुहेरी फायदा होतो. केस उभे राहिले की त्यांच्यात हवा अडकते, आणि स्थिर हवा उष्णतेची फार वाईट वाहक असते. थंडीच्या सकाळी कबुतर पिसे फुलवून चेंडूसारखे बसते, त्यामागे हेच गणित आहे. दुसरा फायदा म्हणजे शत्रूसमोर आकार मोठा दिसतो; चवताळलेले मांजर आठवावे. चार्ल्स डार्विनने १८७२ मध्ये भावनांच्या अभिव्यक्तीवर जे पुस्तक लिहिले त्यात याची सविस्तर चर्चा आहे. अति भीतीने माणसाचे केस उभे राहतात, याचा अर्थ आपण एके काळी प्राण्यांच्या अवस्थेत होतो हे मानल्याशिवाय लागत नाही, असे त्याचे म्हणणे होते. माणसाच्या अंगावरचे केस विरळ झाले, वायरिंग मात्र तशीच राहिली.

ही वायरिंग अगदीच निरुपयोगी आहे का? २०२० मध्ये हार्वर्ड आणि तैवानमधील संशोधकांनी ‘सेल’ या नियतकालिकात उंदरांवरचे प्रयोग प्रसिद्ध केले. केस उभा करणारा हा स्नायू सिम्पथेटिक मज्जातंतूला आधार देऊन केसाच्या मुळाशी असलेल्या मूलपेशींपर्यंत पोहोचवतो, असे त्यांना दिसले. थंडी थोडा वेळ असेल तर केस नुसते उभे राहतात. ती लांबली तर हाच मज्जातंतू मूलपेशींना जागे करतो आणि नवे केस उगवू लागतात. तात्पुरता उपाय आणि कायमचा उपाय, दोन्ही एकाच तारेवर. (टक्कल पडलेल्या वाचकांनी लगेच फ्रीजसमोर उभे राहू नये, प्रयोग उंदरांवरचा आहे.) गंमत म्हणजे हा स्नायू आणि मज्जातंतूची जोडणी घडवण्याचा संदेश देणाऱ्या प्रथिनाचे नाव आहे ‘सॉनिक हेजहॉग’. होय, व्हिडिओ गेममधलाच सॉनिक. या कुळातल्या पहिल्या जनुकात बिघाड झाला की फळमाशीच्या अळीवर काटेच काटे दिसत, म्हणून त्याला ‘हेजहॉग’ नाव पडले होते. काट्यांचा हा प्राणी इथेही आडवा आलाच.

संगीत ऐकताना काटा का येतो, हा प्रश्न मात्र थंडी आणि शत्रू यांनी सुटत नाही. २००१ मध्ये मॉन्ट्रियलमध्ये अॅन ब्लड आणि रॉबर्ट झटोर यांनी १० जणांना त्यांच्याच आवडीचे, हमखास शहारे आणणारे संगीत ऐकवून मेंदूचे स्कॅन घेतले. शहारा जितका तीव्र, तितकी मेंदूतल्या आनंद आणि बक्षिसाशी निगडित भागांत हालचाल जास्त, असे आढळले. भीतीसाठी टाकलेल्या तारेवरून आनंदाचा प्रवाह वाहतो आहे. ‘हृष्’ धातूचा अर्थ केसांवरून आनंदावर सरकला तो उगाच नाही.

कोंबडी, हंस आणि काटा

इंग्रजी ‘गूजबम्प्स’मध्ये हंसाच्या जातीचा ‘गूज’ आहे, पिसे उपटलेला. जर्मन भाषेतही तोच. फ्रेंच, स्पॅनिश आणि डच लोकांना कोंबडी आठवते. चिनी आणि कोरियन भाषांतही कोंबडीच, आणि जपानी भाषेत नुसते ‘पक्ष्याचे कातडे’. एकूण जगातल्या बऱ्याच भाषांनी हा अनुभव खाटकाच्या दुकानात नेऊन ठेवला आहे. मराठीने काटा निवडला, आणि तो संस्कृतच्या ‘कंटकित’पासून चालत आलेला आहे.

पण मराठीची खरी श्रीमंती क्रियापदात आहे. इंग्रजीत एका शब्दात सांगायचे तर कोश उघडून ‘हॉरिपिलेट’ शोधावे लागते. मराठीत शाळकरी पोरही ‘शहारलो’ म्हणते. शिवाय छटा वेगळ्या आहेत. मानेवर गार पाण्याचा थेंब पडला तर शहारा येतो. अपघाताचे वर्णन ऐकून अंगावर काटा येतो. किल्ल्यावर पहाटे झेंडा फडकताना पाहिला तर रोमांच उभे राहतात. पाठीतून शिरशिरी जाते ती आणखी निराळी. ‘अपघात पाहून अंगावर रोमांच उभे राहिले’ असे कुणी लिहिले तर मराठी कानाला खटकते, कारण मराठीत रोमांच आनंदाच्या बाजूला झुकला आहे आणि काटा भीतीच्या. ‘गूजबम्प्स’ या एका शब्दात हा सगळा फरक बुडतो. रीलखालच्या प्रतिक्रियेत त्याने काही बिघडत नाही. दवाखान्यात मात्र बिघडू शकते.

डॉक्टर हातावरचे केस का पाहतात?

‘डॉक्टर, थंडी वाजतेय’ या एका वाक्यात मराठी रुग्ण निदान तीन वेगळ्या गोष्टी सांगत असू शकतो. हुडहुडी भरली असेल, म्हणजे दात वाजताहेत, अंग थाडथाड उडते आहे. तिथे हातापायांचे मोठे स्नायू आकसून उष्णता निर्माण करत असतात. मलेरियाच्या तापात दिसते ती ही. कापरे भरले असेल. ते ताप नसतानाही, रक्तातली साखर उतरल्यावर किंवा घाबरल्यावर येते. किंवा नुसता काटा येत असेल, अंग न हलता. तिन्हींमागची यंत्रणा वेगळी आणि कारणेही वेगळी. ‘अंग कसंतरी होतंय’ म्हणण्यापेक्षा यातला नेमका शब्द वापरला तर तपासणाऱ्याचे काम सोपे होते.

काट्याला वैद्यकात सर्वात जास्त महत्त्व आहे ते व्यसनमुक्तीच्या उपचारांत. हेरॉइन किंवा कोडीनसारखे अफूवर्गीय पदार्थ मेंदूतल्या नॉरअॅड्रिनलीन यंत्रणेला दाबून ठेवतात. ते अचानक बंद झाले की दाबलेली स्प्रिंग सुटावी तशी ती यंत्रणा उसळते. नाडी वाढते, बाहुल्या मोठ्या होतात, नाक गळते, जांभया येतात आणि अंगभर काटा फुलतो. ही अवस्था किती तीव्र आहे हे मोजण्यासाठी ११ निकषांची एक मोजपट्टी जगभर वापरली जाते. तिची कमाल बेरीज ४८. त्यातला एक निकष केवळ काट्याचा आहे. कातडी गुळगुळीत असेल तर ०. हात फिरवल्यावर काटा जाणवत असेल किंवा हातावरचे केस उभे दिसत असतील तर ३. काटा ठळकपणे दिसत असेल तर ५.

या निकषाचे मोल मोठे आहे. व्यसनी माणसाच्या तोंडच्या शब्दावर घरचे विश्वास ठेवत नाहीत, कधी कधी वैद्यकीय कर्मचारीही ठेवत नाहीत. ‘गोळी हवी म्हणून नाटक करतोय’ हे वाक्य त्याने बहुतेक ऐकलेले असते. वेदना किती आहे, हे तो सांगेल ते खरे मानावे लागते. अस्वस्थपणाचे सोंगही आणता येते. कातडीवरच्या काट्याचे सोंग आणणे जवळपास अशक्य असते. नटाने ठरवून आणता येत नाहीत म्हणून नाट्यशास्त्राने वेगळ्या काढलेल्या आठ भावांपैकी एक इथे रुग्णाच्या बाजूने साक्ष देतो. उपचारांत वापरले जाणारे क्लोनिडिन हे औषध हीच उसळलेली यंत्रणा शांत करते, आणि मग काटाही ओसरतो.

क्वचित इतर ठिकाणीही काटा हे लक्षण ठरते. अपस्माराच्या काही झटक्यांत, विशेषतः मेंदूच्या टेम्पोरल भागातून सुरू होणाऱ्या झटक्यांत, थंडी किंवा भीती काहीही नसताना अंगावर काटा येतो, काहींना शरीराच्या एकाच बाजूला. मज्जारज्जूला वरच्या भागात इजा झालेल्या व्यक्तीला मूत्राशय तुंबले तरी ते जाणवत नाही. रक्तदाब अचानक वाढतो, डोके ठणकते आणि अंगावर काटा येतो. तो दिसला की सांभाळणाऱ्यांनी आधी लघवीची नळी अडकली आहे का हे पाहायचे असते आणि रुग्णाला बसते करून तातडीने वैद्यकीय मदत घ्यायची असते. वारंवार आणि विनाकारण काटा येत असेल, सोबत भान हरपत असेल, तर ती गोष्ट डॉक्टरांना त्याच शब्दांत सांगावी.

ठरवून काटा आणता येतो का?

‘जवळपास अशक्य’ असे वर म्हटले, कारण अपवाद आहेत. २०१८ मध्ये ‘पीअरजे’ या नियतकालिकात मनात आणले की अंगावर काटा आणू शकणाऱ्या ३२ जणांचा अभ्यास प्रसिद्ध झाला. आपोआप चालणारा स्नायू हे लोक हवा तेव्हा चालवू शकतात. कसे, ते त्यांनाही नीट सांगता येत नाही. नव्या अनुभवांबद्दलचे कुतूहल त्यांच्यात जास्त आढळले. काटा मोजण्यासाठी तर खास कॅमेराही आहे. २०१० मध्ये मांडलेल्या या पद्धतीत हातावरच्या कातडीचे चित्रण केले जाते आणि अभियांत्रिकीच्या विद्यार्थ्यांना चार सेमिस्टर छळणारे फूरिये रूपांतर वापरून दाण्यांची तीव्रता काढली जाते. संशोधकांनी त्याला नाव दिले ‘गूजकॅम’. ‘हॉरिपिलोमीटर’ म्हणायची संधी त्यांनीही सोडली.